ईसीजीवरून मंद ठोके कसे ओळखायचे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वॉर्डातल्या परिचारिका, ईसीजी काढणारे तंत्रज्ञ आणि नव्याने रात्रपाळी करू लागलेले डॉक्टर मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. रुग्णांचे नातेवाईकही हल्ली ईसीजीचा कागद हातात घेऊन नीट प्रश्न विचारतात, त्यामुळे त्यांचेही दोन-तीन घेतले आहेत.

ठोके किती कमी झाले की 'मंद' म्हणायचे?

पुस्तकात वर्षानुवर्षे मिनिटाला ६० ही सीमा शिकवली गेली. २०१८ साली आलेल्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांनी ती ५० वर आणली, कारण ५० ते ६० मध्ये असलेली असंख्य माणसे अगदी ठणठणीत असतात. गाढ झोपेत ठोके ४० च्या आसपास येणे नवे नाही. लांब पल्ल्याचे धावपटू आणि सायकलपटू तर जागेपणीही तिथेच असतात. उलट नवजात बाळाचे ठोके १०० च्या खाली गेले तर ती धोक्याची घंटा आहे, आणि लहान मुलांमध्ये अशा वेळी सर्वांत आधी श्वास आणि ऑक्सिजन पाहायचा.

म्हणजे नुसत्या आकड्याला फारसा अर्थ नाही. ठोके मंद का आहेत आणि माणसाला त्याचा त्रास होतो आहे का, हे दोन प्रश्न खरे.

कागदावरून ठोके मोजायचे कसे?

कागद सेकंदाला २५ मिलिमीटर सरकतो. त्यामुळे एक लहान चौकोन म्हणजे ०.०४ सेकंद आणि एक मोठा चौकोन म्हणजे ०.२० सेकंद. ठोके एकसारखे पडत असतील तर दोन क्यूआरएसमधले (क्यूआरएस म्हणजे प्रत्येक ठोक्याची उंच, टोकदार खूण) मोठे चौकोन मोजा आणि ३०० ला त्या संख्येने भागा. सात चौकोन आले तर साधारण ४३. अधिक अचूक हवे असेल तर लहान चौकोन मोजून १५०० ला भागा. ठोके अनियमित असतील तर ही युक्ती फसते. तिथे १० सेकंदांच्या पूर्ण पट्टीतले क्यूआरएस मोजून सहाने गुणायचे.

मोजण्याआधी कागदाच्या कडेला छापलेला वेग जरूर वाचा. कुणी चुकून ५० वर ठेवला असेल तर सगळा आलेख ताणला जातो आणि धडधाकट माणसाचे ठोके निम्मे दिसतात.

मशीन वर आकडा छापतेच की. तो चालत नाही का?

सुरुवात म्हणून चालतो. पण मशीन क्यूआरएसमागून येणाऱ्या उंच टी लहरीला क्यूआरएस समजून दुप्पट मोजू शकते, आणि हाताच्या थरथरीलाही ठोके समजू शकते. म्हणून ईसीजी निघत असताना एक हात रुग्णाच्या मनगटावर असू द्या. कागदावर ७६ आणि नाडी ३८ असेल, तर दोन शक्यता आहेत. एक, मशीनने दुप्पट मोजले. दुसरी, प्रत्येक नेहमीच्या ठोक्यानंतर खालच्या कप्प्यातून एक आगाऊ ठोका येतो आहे आणि तो इतका दुबळा आहे की मनगटापर्यंत पोचतच नाही. दुसऱ्या प्रकारात हृदय मंद नसतेच, नाडी तेवढी मंद लागते. दोन्हींचे उपचार वेगळे आहेत, आणि हा फरक कळायला बोट आणि कागद दोन्ही लागतात.

मंद ईसीजी हातात आला की पहिल्यांदा काय पाहायचे?

पी लहरी शोधा. सगळ्या. एकही सोडू नका. या पानावरचे एकच उत्तर वाचायला वेळ असेल तर हे वाचा.

हृदयाच्या वरच्या कप्प्यांत एसए नोड हा पेशींचा पुंजका ठोक्याचा हुकूम देतो, त्याची खूण म्हणजे पी. तो हुकूम एव्ही नोडमधून, म्हणजे वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधल्या दुव्यातून, खाली उतरतो आणि खालचे कप्पे आकुंचन पावतात, त्याची खूण म्हणजे क्यूआरएस. ठोके मंद होण्याची कारणे ढोबळमानाने दोनच: वरून हुकूमच कमी निघतात, किंवा हुकूम निघतात पण खाली पोचत नाहीत. पहिला प्रकार बहुधा सौम्य, दुसरा कधीकधी जीवघेणा. आणि कागदावर दोन्हींचा वेग सारखाच दिसू शकतो.

पी बहुतेक वेळा लीड टू आणि व्ही वन मध्ये (लीड म्हणजे हृदयाकडे एका ठरावीक कोनातून पाहणारी नोंद) ठळक दिसते. एक कोरा कागद घ्या, त्याची कड पी लहरींच्या रांगेखाली धरा आणि दिसणाऱ्या दोन लागोपाठच्या पीखाली पेन्सिलीने खुणा करा. मग त्या अंतराच्या बरोबर मध्यावर काय आहे ते पाहा.

एक पट्टी माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. वयस्क बाई, महिन्यात दोनदा घरात पडलेल्या. ठोके ४४, अगदी घड्याळासारखे नियमित, क्यूआरएस अरुंद. मशीनने साधे मंद ठोके असे छापले होते, आणि तेवढ्यावर आदल्या ठिकाणाहून त्यांना अशक्तपणाच्या गोळ्या देऊन घरी पाठवले होते. दोन पींमधले अंतर ३४ लहान चौकोन. कड लावली आणि मध्यावर, म्हणजे १७ व्या चौकोनावर पाहिले, तर तिथे टी लहरीचा उतार होता. त्या उतारावर एक बारीक उंचवटा. पुढच्या टीवर तसाच, त्याच्या पुढच्यावरही तसाच. खरी टी अशी खांदा काढून उतरत नाही. तो उंचवटा म्हणजे लपलेली पी होती. वरचे कप्पे ८८ च्या वेगाने चालत होते आणि प्रत्येक दुसरा हुकूम वाटेत अडत होता. पुढच्या तपासण्यांनंतर बाईंना पेसमेकर बसला.

टी लहर विचित्र, टोकदार किंवा दुहेरी दिसली की तिथे पी दडली आहे का, हा संशय घ्यायचाच.

पी सापडल्या. आता पुढे?

आता पी आणि क्यूआरएसचे नाते पाहायचे. पीच्या सुरुवातीपासून क्यूआरएसच्या सुरुवातीपर्यंतचे अंतर, म्हणजे पीआर, निरोगी माणसात तीन ते पाच लहान चौकोन असते.

प्रत्येक पीमागे क्यूआरएस आहे, पीआर योग्य आहे, फक्त वेग कमी आहे: हे साधे सायनस ब्रॅडिकार्डिया, म्हणजे एसए नोडचेच मंद ठोके. पीआर पाच चौकोनांच्या वर आहे पण एकही ठोका चुकत नाही: पहिल्या दर्जाचा ब्लॉक. नाव ब्लॉक असले तरी इथे काही अडत नाही, फक्त उशीर होतो. बहुतेकांना त्यासाठी उपचार लागत नाहीत.

दुसऱ्या दर्जात ठोके गळू लागतात आणि इथेच सगळ्यांची गल्लत होते. वेंकेबाख प्रकारात पीआर हळूहळू लांबत जाते आणि मग एक क्यूआरएस गळतो. नंतरची पीआर पुन्हा आखूड. ही आखूड झालेली पीआर हीच सर्वांत भरवशाची खूण आहे, कारण लांबण्याचा वेग कधीकधी इतका कमी असतो की लागोपाठच्या ठोक्यांत तो जाणवत नाही. म्हणून गळलेल्या ठोक्याच्या लगेच आधीची आणि लगेच नंतरची पीआर शेजारी शेजारी ठेवून मोजा. (वेंकेबाख यांनी हा प्रकार १८९९ साली, आइन्थोव्हेन यांचे ईसीजी यंत्र येण्यापूर्वी, नाडीच्या नोंदींवरून ओळखला होता. आज आपल्या हातात स्पष्ट आलेख असून तो निसटतो, याचे मला वाईट वाटते.) हा अडथळा सहसा एव्ही नोडमध्येच असतो. झोपेत आणि तंदुरुस्त तरुणांत तो दिसला म्हणून घाबरू नये.

मोबिट्झ टू हा वेगळाच मामला. पीआर शेवटपर्यंत तेवढीच आणि अचानक एक क्यूआरएस गायब. अडथळा एव्ही नोडच्या खाली, वहनाच्या मुख्य तारांमध्ये असतो. क्यूआरएस बहुधा रुंद असतो. हा कधीही पूर्ण ब्लॉकमध्ये जाऊ शकतो, म्हणून रुग्ण हसत बोलत असला तरी त्याला मॉनिटरवरून काढायचे नाही.

एकाआड एक पी अडत असेल, वरच्या बाईंसारखी, तर पीआर लांबते की नाही हे ठरवायला लागोपाठ दोन पोचलेल्या पीच मिळत नाहीत. अशा पट्टीला घाईने वेंकेबाख किंवा मोबिट्झ टू म्हणू नका. 'दोनास एक ब्लॉक' एवढेच लिहा, क्यूआरएसची रुंदी नोंदवा आणि लांब पट्टी काढा. थोड्या वेळाने प्रमाण बदलले की खरा प्रकार उघड होतो. लागोपाठ दोन किंवा जास्त पी अडल्या तर तो वरच्या पायरीचा, गंभीर ब्लॉक.

तिसरा दर्जा म्हणजे पूर्ण ब्लॉक. पी आपल्या तालात, क्यूआरएस आपल्या तालात, आणि पींची संख्या जास्त. पीआर दर ठोक्याला वेगळी येते, पण क्यूआरएसमधले अंतर मात्र एकसारखे. ही नियमितताच फसवते. पट्टी इतकी शांत दिसते की नजर पुढे सरकते. वरचा हुकूम पोचत नसताना खालून निघणारे राखीव ठोके एव्ही नोडच्या आसपासून येत असतील तर वेग ४० ते ६० आणि क्यूआरएस अरुंद. खालच्या कप्प्यांतून येत असतील तर २० ते ४० आणि क्यूआरएस रुंद, आणि हा आधार कधी निसटेल सांगता येत नाही.

'हार्ट ब्लॉक' म्हणजे रक्तवाहिनीत ब्लॉकेज का? अँजिओप्लास्टी करावी लागेल का?

नाही. हा गोंधळ फार होतो आणि नातेवाइकांची रात्रभर झोप उडवतो. रक्तवाहिनीतले ब्लॉकेज म्हणजे नळात साठलेला गाळ. हार्ट ब्लॉक म्हणजे विजेच्या तारेतला दोष. एका घराचे नळ आणि वायरिंग जसे वेगळे, तसेच हे. वाढत्या वयात वहनाच्या तारा झिजतात आणि रक्तवाहिन्या स्वच्छ असूनही ब्लॉक होतो. समजावताना पहिल्याच वाक्यात हा फरक सांगा, मगच पुढचे ऐकले जाते.

पी कुठेच दिसत नाहीत. मग?

आधी आधाररेषा पाहा. ती बारीक थरथरत असेल आणि ठोके अनियमित असतील तर एट्रियल फिब्रिलेशन (वरच्या कप्प्यांची बेताल थरथर) आहे आणि ते मंद झाले आहे, बऱ्याचदा औषधांनी. पण फिब्रिलेशन असलेल्या रुग्णाचे ठोके अचानक मंद आणि एकदम नियमित झाले, तर 'चला, ताल सुधारला' म्हणून सुटकेचा नि:श्वास टाकू नका. तो बहुधा पूर्ण ब्लॉक आहे. ठोके मंदावणारे डिगॉक्सिन चालू असेल तर त्याची विषबाधा आठवा.

पी नाहीत, क्यूआरएस रुंद, टी उंच आणि टोकदार, ठोके मंद: हा आलेख दिसला की पोटॅशियम वाढलेले आहे असे धरून चाला. मूत्रपिंडाचा आजार, चुकलेले डायलिसिस, पोटॅशियम वाढवणाऱ्या गोळ्या, जुलाब-उलट्यांनी झालेला कोरडेपणा, काहीतरी सापडतेच. हे रुग्ण ठोके वाढवणाऱ्या ॲट्रोपिनला नीट दाद देत नाहीत, पेसिंगलाही (बाहेरून विजेने ठोके पाडण्यालाही) कधीकधी देत नाहीत. त्यांना शिरेतून कॅल्शियम द्यावे लागते, आणि ते गेल्यावर काही मिनिटांत रुंद क्यूआरएस अरुंद होताना मॉनिटरवर दिसतो. प्रयोगशाळेच्या रिपोर्टची वाट पाहण्यात वेळ घालवू नये, इतका हा आलेख बोलका आहे.

ताल चांगला चालला असताना मध्येच मोठी पोकळी आली तर?

पोकळीच्या आधीची टी लहर तपासा. वरच्या कप्प्यातून वेळेआधी आलेला आणि खाली न पोचलेला ठोका तिथे दडलेला असतो. अशा पोकळीचे सर्वांत नेहमीचे कारण हेच आहे आणि ते निरुपद्रवी आहे. टी स्वच्छ असेल तर पोकळी मोजा. नेहमीच्या पी-पी अंतराच्या बरोबर दुप्पट किंवा तिप्पट भरली तर हुकूम निघाला पण एसए नोडच्या बाहेर पडला नाही. पटीत नसेल तर एसए नोडच थांबला. १५ मोठे चौकोन म्हणजे ३ सेकंद. जागेपणी तेवढी पोकळी दिसली तर डॉक्टरांना कळवायलाच हवे.

फिब्रिलेशनचा वेगवान झटका थांबतो आणि पाठोपाठ अशी लांब पोकळी येते, हे सिक सायनसच्या, म्हणजे एसए नोड आजारी असलेल्या, रुग्णात पाहायला मिळते. त्यांना वेग कमी करणारे औषध दिले तर पोकळी वाढते, न दिले तर झटके वाढतात.

औषधांमुळे ठोके मंद होतात का?

फार वेळा. बीटा ब्लॉकर, व्हेरापामिल, डिल्टियाझेम, डिगॉक्सिन, अमिओडॅरोन, इव्हाब्राडिन, क्लोनिडिन, लिथियम, स्मृतिभ्रंशासाठीचे डोनेपेझिल. बीटा ब्लॉकर आणि व्हेरापामिल एकत्र चालू असतील तर विशेष सावध राहा. आणि एक गोष्ट जवळपास कुणीच विचारत नाही: काचबिंदूसाठी डोळ्यात टिमोलॉलचे थेंब टाकता का? तोही बीटा ब्लॉकरच. डोळ्यातून तो रक्तात उतरतो. 'गोळ्या कोणत्या चालू आहेत' असे विचारले तर रुग्ण थेंब सांगत नाही, म्हणून थेंबांबद्दल वेगळे विचारा.

औषधांखेरीज थायरॉइड कमी असणे, शरीर गार पडणे, झोपेत श्वास अडणे आणि डोक्यातला दाब वाढणे यांनीही ठोके मंदावतात.

हार्ट अटॅकमध्ये ठोके मंद होतात का?

हो, विशेषतः हृदयाच्या खालच्या भिंतीच्या अटॅकमध्ये. एव्ही नोडला बहुतेक माणसांत उजव्या रक्तवाहिनीतून रक्त मिळते, आणि तीच बंद पडलेली असते. म्हणून मंद ईसीजी दिसला की लीड टू, थ्री आणि एव्हीएफमध्ये एसटी (क्यूआरएस आणि टी यांच्यामधली रेषा) वर उचलली आहे का ते पाहायचेच. हा ब्लॉक बहुधा तात्पुरता असतो. पुढच्या भिंतीच्या अटॅकबरोबर ब्लॉक आला तर स्नायूचे मोठे नुकसान झाले आहे असे समजा.

धाव कधी घ्यायची, आणि तोवर काय करायचे?

रक्तदाब घसरला, रुग्ण गोंधळला किंवा गुंगला, छातीत दुखते आहे, धाप लागून फुप्फुसात पाणी भरते आहे, हातपाय गार पडलेत: यातले एकही मंद ठोक्यांमुळे होत असेल तर थांबायचे नाही. ऑक्सिजनची पातळी, शिरेत सुई, मॉनिटर, १२ लीडचा ईसीजी. प्रौढ रुग्णाला डॉक्टर शिरेतून १ मिलिग्रॅम ॲट्रोपिन देतात, दर ३ ते ५ मिनिटांनी, एकूण ३ मिलिग्रॅमपर्यंत. ॲट्रोपिन एसए आणि एव्ही नोडवर काम करते. अडथळा एव्ही नोडच्या खाली असेल, म्हणजे मोबिट्झ टू किंवा रुंद क्यूआरएसचा पूर्ण ब्लॉक, तर त्याच्यावर विसंबून राहू नये. छातीवर पेसिंगचे पॅड लावून ठेवावेत, आणि डोपामिन किंवा ॲड्रेनालिनचे ड्रिप तयार असावे. म्हणजे आलेख नीट वाचला असेल तर पुढची दहा मिनिटे वाया जात नाहीत.

पॅडमधून पेसिंग सुरू केल्यावर मॉनिटरवर खुणा दिसल्या म्हणून समाधान मानू नका. प्रत्येक खुणेमागे रुंद क्यूआरएस आणि टी हवी, आणि जांघेतली नाडी त्याच तालात लागायला हवी. मानेची नाडी पाहू नका, तिथले स्नायू विजेच्या धक्क्याने उडतात आणि नाडी असल्याचा भास होतो.

चक्कर येऊन पडतात, पण ईसीजी नॉर्मल. असे कसे?

ईसीजी १० सेकंदांचा, दिवस ८६,४०० सेकंदांचा. ब्लॉक येतो, माणूस पडतो, ताल परत येतो, माणूस उठतो. रुग्णालयात पोचेपर्यंत कागदावर काही उरत नाही. आधी काहीही न जाणवता एकदम कोसळणे, चेहरा पांढरा पडणे आणि शुद्धीवर येताच चेहरा लालबुंद होणे ही जुनी खूण आहे. तिला ॲडम्स आणि स्टोक्स यांचे नाव आहे, आणि त्यांनी तिचे वर्णन केले तेव्हा, १८२७ आणि १८४६ मध्ये, ईसीजी नव्हताच. अशा वेळी २४ तासांचे होल्टर, म्हणजे सतत ईसीजी नोंदवणारे छोटे यंत्र, लावतात. झटके महिनोन्‌महिन्यांनी येत असतील तर त्वचेखाली बसवायचा छोटा नोंदयंत्रही मिळतो, तो वर्षानुवर्षे पाळत ठेवतो.

'नॉर्मल' ईसीजीतही लांब पीआर किंवा बंडल ब्रँच ब्लॉक (खालच्या कप्प्यांकडे जाणाऱ्या एका तारेतला अडथळा, ज्याने क्यूआरएस रुंद होतो) असेल तर ते सोडू नका. पडणाऱ्या माणसात तो धागा असतो.

पेसमेकर कोणाला लागतो?

मोबिट्झ टू, गंभीर आणि पूर्ण ब्लॉक, ज्यांना औषध किंवा पोटॅशियमसारखे सुधारता येणारे कारण नाही, त्यांना त्रास नसला तरी लागतो. एसए नोड मंद असेल तर त्रास आणि मंद ठोके एकाच वेळी होतात हे दाखवावे लागते. शरीरात बसवलेला पहिला पेसमेकर १९५८ साली स्टॉकहोममध्ये लागला. तो रुग्ण, आर्ने लार्सन, पुढे कितीतरी पेसमेकर बदलत २००१ पर्यंत जगला.

रात्री डॉक्टरांना फोन करायचा आहे. काय सांगू?

'सर, पेशंटची पल्स कमी आहे' एवढ्याने पलीकडच्या माणसाला काहीच दिसत नाही. असे सांगा: 'ठोके ३६, नियमित. पी ९० च्या वेगाने, क्यूआरएसशी संबंध नाही. क्यूआरएस चार चौकोन रुंद. बीपी ८४ वर ५०, पेशंट गुंगीत आहे. सकाळी मेटोप्रोलॉल दिले होते. संध्याकाळचे पोटॅशियम ४.२. पॅड लावले आहेत.' हे बोलायला अर्धा मिनिट लागतो आणि डॉक्टर निघता निघताच निर्णय घेऊ शकतात.

जुने ईसीजी जपून ठेवायचे का?

ठेवाच, आणि प्रत्येक वेळी बरोबर न्या. शाई पुसट होते, म्हणून उजेडात सपाट धरून फोटो काढा, वरची तारीख आणि वेळ फोटोत येऊ द्या. गेल्या वर्षी अरुंद असलेला क्यूआरएस आज रुंद झाला आहे, किंवा पीआर चार चौकोनांवरून सातवर गेली आहे, हे जुना कागद शेजारी ठेवल्याशिवाय कुणालाच कळणार नाही. पेसमेकर असेल तर त्याचे कार्डही त्याच पाकिटात ठेवा.